एमएचटी-सीईटी

एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्रातील अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र तसेच कृषी व संलग्न विषयांच्या पदवी अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी राज्यस्तरीय सामाईक प्रवेश परीक्षा आहे. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष (सीईटी कक्ष) ही शासकीय यंत्रणा ती घेते. विज्ञान शाखेतून बारावीला बसलेले किंवा बारावी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी ही परीक्षा देतात. त्यांच्यापुढे जेईई आणि नीट या राष्ट्रीय परीक्षांचाही पर्याय असतो. त्यामुळे कोणत्या परीक्षेस प्राधान्य द्यावयाचे, हा निर्णय बहुधा अकरावीच्या आरंभीच घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

२०१४ व २०१५ या दोन वर्षी राज्यातील अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटीऐवजी जेईई मुख्य परीक्षा आणि बारावीचे गुण यांना समान भार देऊन करण्यात आले. २०१६ पासून अभियांत्रिकीसाठी सीईटी पुन्हा लागू झाली. त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, वैद्यकीय प्रवेश नीटवर होणार की सीईटीवर, याविषयी ऐन परीक्षेच्या तोंडावर संभ्रम निर्माण झाला. केंद्र सरकारच्या अध्यादेशाने राज्यांना त्या वर्षापुरती सूट मिळाली. २०१७ पासून मात्र वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेश केवळ नीटच्या आधारे होतात. २०१९ पासून सीईटी संगणकावर घेतली जाते.

स्वरूप

परीक्षेचे दोन गट आहेत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हा ‘पीसीएम’ गट अभियांत्रिकीसाठी आवश्यक असतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हा ‘पीसीबी’ गट मुख्यतः औषधनिर्माणशास्त्र व कृषी अभ्यासक्रमांसाठी उपयोगी पडतो. दोन्ही गटांची परीक्षा एकूण २०० गुणांची व १८० मिनिटांची असते.

• भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र: प्रत्येकी ५० प्रश्न, प्रत्येक प्रश्नास १ गुण, एकत्रित वेळ ९० मिनिटे.
• गणित: ५० प्रश्न, प्रत्येक प्रश्नास २ गुण, वेळ ९० मिनिटे.
• जीवशास्त्र: १०० प्रश्न, प्रत्येक प्रश्नास १ गुण, वेळ ९० मिनिटे.

सर्व प्रश्न बहुपर्यायी असतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न अनुत्तरित ठेवण्यात लाभ नसतो.

परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने निकाल पर्सेंटाइलमध्ये दिला जातो. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ, त्या सत्रातील ९० टक्के परीक्षार्थींचे गुण संबंधित विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच होतो. हा फरक लक्षात न घेतल्याने निकालानंतर महाविद्यालयांचा पसंतिक्रम भरताना पालकांचा अंदाज अनेकदा चुकतो.

परीक्षेची निवड

निवड करताना परीक्षेच्या काठिण्याइतकेच त्या परीक्षेने कोणत्या संस्थेचे दार उघडते, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. पुण्याचे सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ, मुंबईची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था (व्हीजेटीआय) किंवा सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय येथील पदवी प्रवेशांसाठी महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना मुख्यतः सीईटीचे गुण लागतात. नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (व्हीएनआयटी) मात्र जेईई मुख्य परीक्षेवर प्रवेश देते. तेथील निम्म्या जागा राज्यातून बारावी झालेल्यांसाठी असतात. मुंबईच्या आयआयटीसाठी जेईई मुख्यनंतर जेईई प्रगत परीक्षा द्यावी लागते.

वेळेच्या हिशेबातही या परीक्षा भिन्न आहेत. जेईई मुख्य परीक्षेत ७५ प्रश्नांसाठी १८० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे सुमारे अडीच मिनिटे मिळतात. सीईटीत गणिताच्या प्रश्नास १०८ सेकंद, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या प्रश्नास केवळ ५४ सेकंद मिळतात. जेईईत प्रत्येक चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. परिणामी जेईईत प्रश्न सोडून देण्याचा विवेक लागतो, तर सीईटीत वेग लागतो. जेईईची तयारी केलेला विद्यार्थी सीईटीत आपोआप यशस्वी होतो, हा समज म्हणूनच अपुरा आहे. वेगाचा स्वतंत्र सराव त्यालाही करावा लागतो.

माध्यमभाषा

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांचे प्रश्न इंग्रजी, मराठी व उर्दू भाषांत उपलब्ध असतात. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र केवळ इंग्रजीत असते. जेईई मुख्य परीक्षा २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत देता येते, म्हणजे गणितही मराठीतून सोडवता येते. राज्यातील बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेचे अध्यापन इंग्रजीतून होते. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यास त्यामुळे अकरावीत विषय आणि परिभाषा ही दोन्ही ओझी एकाच वेळी उचलावी लागतात. ‘वृत्त’, ‘संमिश्र संख्या’, ‘संभाव्यता’ या संकल्पना येत असूनही त्यांची इंग्रजी नावे अपरिचित असल्यास परीक्षेतील मोजके सेकंद वाचण्यातच खर्च होतात. सेमी-इंग्रजी वर्गांतील विद्यार्थ्यांना ही अडचण कमी जाणवते. अकरावीच्या पहिल्या सत्रात दोन्ही भाषांतील पारिभाषिक संज्ञांची वही तयार करणे हा यावरचा साधा व उपयुक्त उपाय आहे.

तयारी

सीईटीचा अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांवर आधारित असतो. सुमारे ८० टक्के भार बारावीच्या आणि २० टक्के भार अकरावीच्या निवडक प्रकरणांना असतो. गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, सरळरेषा व वृत्त, जैवरेणू आदी अकरावीची प्रकरणे त्यात येतात. अकरावीची परीक्षा मंडळाची नसल्याने हे वर्ष दुर्लक्षिले जाते आणि शेवटच्या महिन्यांत हाच पाचवा हिस्सा जड जातो. जेईई व नीटसाठी तर अकरावीचा अभ्यास बारावीइतकाच महत्त्वाचा असतो.

बारावीची मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तर सीईटी सामान्यतः एप्रिल-मेमध्ये. मंडळाच्या परीक्षेत पायऱ्या मांडून उत्तर लिहावे लागते. सीईटीत केवळ अचूक पर्याय निवडायचा असतो. पहिल्या परीक्षेसाठी समजून केलेला अभ्यास दुसरीस पायाभूत ठरतो. अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीत संबंधित विषयांत किमान ४५ टक्के (राज्यातील राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के) गुण आवश्यक असल्याने मंडळाच्या परीक्षेकडे दुर्लक्ष परवडत नाही. दोहोंमधील आठवडे वेळ लावून संगणकावर सोडवलेल्या सराव प्रश्नपत्रिकांसाठी उपयोगी पडतात. ज्यांच्या घरी संगणक नाही, अशांना माउसने उत्तर नोंदविण्याची सवयही आधी करून घ्यावी लागते.

प्रवेशाची कागदपत्रे

निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत (कॅप) अधिवास, जात, नॉन-क्रिमीलेयर किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, यांपैकी लागू असतील ती कागदपत्रे सादर करावी लागतात. जात वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळण्यास वेळ लागत असल्याने त्यासाठीचा अर्ज महाविद्यालयामार्फत आधीच करणे इष्ट असते. ते मुदतीत सादर न झाल्यास चांगले पर्सेंटाइल असूनही राखीव जागेवरील हक्क गमवावा लागू शकतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत जाहीर केली. तिचा लाभ कॅपमधून झालेल्या प्रवेशांना मिळतो.

शिकवणी वर्ग व टीका

प्रवेश परीक्षांच्या तयारीभोवती लातूर, पुणे आदी शहरांत शिकवणी वर्गांचे मोठे जाळे उभे राहिले आहे. कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि प्रत्यक्ष हजेरी शिकवणी वर्गात, अशा ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीवर प्रयोगशाळेतील काम व वर्गशिक्षण ओस पडत असल्याची टीका होते. तिला आळा घालण्यासाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना शिकवणी वर्गात प्रवेश देऊ नये, असे अपेक्षित आहे.

शुल्क न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सीईटीचे वैशिष्ट्य असे की तिचा मूळ आधार असलेली पाठ्यपुस्तके अल्प किमतीत, तसेच बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत.