यकृत निष्फलता, ब-यकृतशोथजन्य

ब-यकृतशोथाच्या (यकृताच्या व्हायरसजन्य दाहयुक्त सुजेच्या) रोगात यकृताचा नाश मुख्यतः शरीराच्या संरक्षक कोशिकांकडूनच होतो, हे ज्ञान क्रमाक्रमाने प्राप्त झाले. बरूक ब्लंबर्ग यांनी १९६५ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजना’चे वर्णन केले, त्याचा या रोगाशी असलेला संबंध नंतर सिद्ध झाला. या कार्याबद्दल त्यांना १९७६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा व्हायरस यकृत कोशिका सहसा स्वतः मारीत नाही; संसर्गित कोशिकांचा नाश टी-लसीका कोशिका करतात. त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी-कोशिकांचे वर्णन शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये केले, तर दाह वाढविणारा टीएच-१७ हा गट २००५ मध्ये निराळा ओळखला गेला. चिरकारी रोगात एकाएकी यकृत निष्फल झालेल्या रुग्णांच्या रक्तात टीएच-१७ कोशिकांचे नियामक कोशिकांशी असलेले गुणोत्तर वाढलेले आढळते. उलटपक्षी, नियामकांचे आधिक्य झाल्यास व्हायरस टिकून राहतो. म्हणून प्रतिरक्षा दडपणारे उपचार जोखमीचे ठरतात. व्हायरसरोधी औषधे व प्रसंगी यकृतरोपण यांवर भिस्त ठेवावी लागते. महाराष्ट्रात यकृतशोथाच्या व्हायरसांचे संशोधन पुणे येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत चालते. जन्मानंतर २४ तासांच्या आत दिलेली लस हाच प्रतिबंधाचा सर्वांत खात्रीचा उपाय होय.