सापशिडीवरचं औषधशास्त्र

फार्मसीच्या मुलांना मी बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवलं. एकदा तोंडी परीक्षेत एका हुशार मुलीनं प्रोप्रॅनोलॉलचे उपयोग घडाघडा सांगितले : रक्तदाब, छातीतली कळ, अर्धशिशी. मी विचारलं, "चिठ्ठी घेऊन दम्याचा रोगी आलाय. डॉक्टरांना न विचारता देशील?" ती म्हणाली, "हो, सर." पाठांतर चोख होतं, पण या औषधानं दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळल्या जातात. दुकानात हेच उत्तर जिवावर बेतलं असतं.

त्या संध्याकाळी घरी मुलं सापशिडी खेळत होती. हा आपला जुना मोक्षपट. महाराष्ट्रातली परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. पटावर सद्गुणाच्या घरातून शिडी चढते, दुर्गुणाच्या घरी साप गिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये पोचला. पुढे घरांमधले गुण-दोष पुसले जाऊन नुसते आकडे उरले. मला वाटलं, त्या घरांत पुन्हा अर्थ भरावा.

मदतीला होती औषधांची नावं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९५० मध्ये औषधांना जगभर एकच मूळ नाव देण्याचं ठरवलं; पहिली यादी १९५३ मध्ये निघाली. त्यात नावाचा शेवट बहुधा आडनावासारखा असतो. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल हे प्रोप्रॅनोलॉलचे भाऊबंद. एनालाप्रिल, रॅमिप्रिल हे कॅप्टोप्रिलचे. कुळ ओळखलं, की निम्मं पाठांतर वाचतं.

मग पुठ्ठ्यावर पट आखला. रोग्याची माहिती लिहिलेली चिठ्ठी उचलायची, औषध निवडायचं. रक्तदाबाला 'प्रिल' दिलं, की शिडी. पण रोगी गरोदर असेल तर साप, कारण पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना धोका. नियम एकच : साप का चावला, हे मोठ्यानं सांगितल्याशिवाय पुढचा फासा नाही. वर्गात वाद रंगू लागले, मागच्या बाकावरची मुलंही बोलू लागली.

गंमत म्हणजे, कॅप्टोप्रिलचा माग लागला तोच सापामुळे! ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषात रक्तदाबावर परिणाम करणारे घटक आहेत, हे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवलं. त्या धाग्यावरून घडलेल्या कॅप्टोप्रिलला १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ही गोष्ट ऐकलेला विद्यार्थी 'प्रिल' विसरत नाही.

खेळ पुस्तकाची जागा घेत नाही. पण चूक करायला तो सुरक्षित जागा देतो. पटावर साप चावला, तर चार घरं मागे यावं लागतं, इतकंच. दुकानात मागे येता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)