न वाजलेला अलार्म

परवा ड्रॉवर आवरताना जुना पल्स ऑक्सिमीटर सापडला आणि एप्रिल २०२१ आठवला. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. सिडकोतल्या घरी बाबा पॉझिटिव्ह, पण निवांत चहा पीत बसलेले. "अरे, मला काही होत नाहीये." बोटावर आकडा ८६! मशीन बिघडलं असेल म्हणून माझ्या बोटाला लावलं, तर ९८. त्याच संध्याकाळी बाबांना अ‍ॅडमिट केलं.

दम न लागता ऑक्सिजन इतका घसरतो कसा? तर आपल्या शरीराचा दम लागण्याचा अलार्म मुख्यतः कार्बन डायऑक्साईडवर सेट केलाय. कोविडमध्ये सुरुवातीला तो व्यवस्थित बाहेर पडत राहतो. मग अलार्म वाजणार कसा? चुकीचं व्हेरिएबल मॉनिटर केल्यावर दुसरं काय होणार!

ही गोष्ट जुनीच आहे. १५ एप्रिल १८७५ ला फ्रान्समध्ये तिघेजण 'झेनिथ' बलूनमधून ८००० मीटरच्या वर गेले. ऑक्सिजनच्या पिशव्या सोबत होत्या, पण गरज पडली तेव्हा हातच उचलेनात. क्रोचे-स्पिनेली आणि सिव्हेल गेले. वाचलेल्या तिसांदिएने लिहिलं की त्रास असा काही होतच नव्हता, उलट मस्त वाटत होतं.

मग जपानमध्ये ताकुओ आओयागी नावाचा इंजिनियर आला. कानाला लावलेल्या सेन्सरवरून हृदयाचा रक्तप्रवाह मोजताना नाडीच्या ठोक्यांचा नॉइज त्याला सतावत होता. या नॉइजमध्येच ऑक्सिजनची माहिती आहे, हे त्याच्या लक्षात आलं. १९७४ मध्ये त्याने ते मांडलं. पल्स ऑक्सिमीटर तिथून आला. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, कोविड नुकताच पसरत असताना. त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत महाराष्ट्रात घरोघरी त्यांचंच यंत्र बोटाला लागत होतं.

यंत्रही चुकतं म्हणा. बोट गार असेल, नेलपॉलिश असेल तर गडबड होते. काळ्या त्वचेच्या रुग्णांत ते कधीकधी जास्त आकडा दाखवतं, असं २०२० च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. पण आकडा ९४ च्या खाली आला, किंवा सहा मिनिटं चालल्यावर घसरला, तर 'बरं वाटतंय' यावर विसंबू नये. डॉक्टर गाठावा.

असो. नवीन सेल टाकून बाबांच्या बोटाला लावला. ९७.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" बाबा म्हणाले.