दात काढताना काय होते, काढल्यावर काय जपावे?

दाढ दुखू लागली की पहिले काही दिवस लवंगेचे तेल आणि वेदनाशामक गोळ्या यांवर निभावले जातात. दुखणे थांबले की दंतवैद्याकडे जाणे लांबणीवर पडते. वास्तविक दुखणे थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. दाताच्या आतील नस मृत झाली की वेदना ओसरते. मात्र जंतुसंसर्ग मुळाच्या टोकापर्यंत पसरत राहतो आणि काही काळाने तेथे गळू धरते. या दिरंगाईमागे बहुधा दात काढण्याची भीती असते. प्रत्यक्षात साधा दात काढण्यास काही मिनिटेच लागतात. त्याचा परिणाम चांगला होणे हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते: खुर्चीवर बसण्यापूर्वी रुग्णाने काय सांगितले आणि त्यानंतरच्या २४ तासांत काय जपले.

दात केव्हा काढावा लागतो?

कीड नसेपर्यंत पोहोचली तरी रूट कॅनल उपचार करून बरेच दात वाचवता येतात. परंतु दाताचा फार मोठा भाग किडून गेला असेल, मूळ उभे चिरले असेल, हिरड्यांच्या रोगाने आधाराचे हाड झिजून दात हलू लागला असेल किंवा अक्कलदाढ आडवी अडकून वारंवार सूज येत असेल, तर तो काढणे हाच योग्य उपाय ठरतो. दाढ दुखत असताना किंवा सूज असताना दात काढूच नये, अशी समजूत आहे. तसा सरसकट नियम नाही. कित्येकदा संसर्गाचे मूळ असलेला दात लवकर काढणे हाच उपचार असतो. त्याचा निर्णय तपासणी आणि क्ष-किरण चित्र पाहून दंतवैद्य घेतात.

वरचा दात काढल्यास दृष्टी अधू होते, ही समजूतही निराधार आहे. दातांची संवेदना वाहून नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दात काढल्याने दृष्टीच्या नसेला बाधा पोहोचत नाही.

आधी काय सांगावे?

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, यकृत व मूत्रपिंडाचे विकार, गर्भारपण, औषधांची ॲलर्जी आणि पूर्वी दात काढताना जास्त झालेला रक्तस्राव, हे सारे न विचारताही सांगावे. चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांविषयी विशेष दक्षता हवी. हृदयात स्टेंट बसवलेले किंवा मेंदूचा झटका येऊन गेलेले अनेक रुग्ण ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन घेतात. दात काढायचा म्हणून ही औषधे परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. हिरडीतील रक्त दाब देऊन किंवा टाका घालून थांबवता येते. हृदयात वा मेंदूत अडकलेली गुठळी मात्र जिवावर बेतू शकते. औषध बंद करायचे की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी मिळून ठरवावे. वॉरफॅरिन घेणाऱ्यांची आधी रक्त गोठण्याची चाचणी केली जाते. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी दिली जाणारी ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड यांसारखी औषधेही आवर्जून सांगावीत, कारण त्यांमुळे जबड्याचे हाड भरून येण्यास अडथळा होऊ शकतो. जबड्यावर किरणोपचार झाले असल्यास तेही लपवू नये.

फक्त जागेची भूल देणार असतील तर उपाशी जाण्याचे कारण नाही. हलके जेवण करून आणि नेहमीची औषधे घेऊन जावे. मधुमेही व्यक्तीने तर उपाशी राहूच नये.

खुर्चीवर बसल्यावर

बहुतेक दंतवैद्य लिग्नोकेन या औषधाने भूल देतात. वरच्या जबड्यात दाताजवळच सुई दिली जाते. खालच्या दाढांसाठी जबड्याच्या मागील बाजूस, मुख्य नसेपाशी ती द्यावी लागते, म्हणून अर्धा ओठ आणि जीभही बधिर होते. औषधात मिसळलेल्या ॲड्रेनलिनमुळे क्षणभर छाती धडधडू शकते. हे पुष्कळदा काही मिनिटांत थांबते.

दात थेट हाडात रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचा थर असतो. दंतवैद्य हे तंतू सोडवतात, दात हळूहळू हलवून त्याची खोबण रुंदावतात आणि मग चिमट्याने तो बाहेर घेतात. भुलीमुळे वेदना थांबते, दाबाची जाणीव थांबत नाही. ढकलल्यासारखे वाटणे, कडकड आवाज ऐकू येणे हे अपेक्षितच असते. टोचल्यासारखी तीव्र वेदना झाल्यास मात्र हात वर करून सांगावे. भूल वाढवता येते. पू झालेल्या जागी भूल कमी चढते, हेही ध्यानात ठेवावे. मूळ वाकडे असल्यास किंवा अक्कलदाढ हाडात अडकली असल्यास हिरडीला छेद देऊन दाताचे तुकडे करून तो काढावा लागतो. गोव्यात अशा अवघड शस्त्रक्रियांची सोय बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय व इस्पितळात आहे.

पहिले २४ तास

दात निघाल्यावर रिकाम्या खोबणीत रक्ताची गुठळी तयार होते. हीच गुठळी उघड्या हाडाचे आवरण असते आणि तिच्याच आधाराने जखम भरते. पुढील सर्व पथ्य तिच्या रक्षणासाठी आहे.

• कापसाची किंवा जाळीच्या कापडाची घडी ३० ते ४५ मिनिटे घट्ट चावून धरावी. पुनःपुन्हा काढून पाहू नये.
• थुंकू नये, चूळ भरू नये, स्ट्रॉने पेय ओढू नये. लाळ गिळावी.
• विडी, सिगारेट, तंबाखू आणि मद्य पूर्ण वर्ज्य करावे. धूम्रपान आणखी काही दिवस टाळता आले तर अधिक उत्तम.
• गालावर बाहेरून १० ते १५ मिनिटे थांबून थांबून बर्फ शेकावा.
• ओठाची बधिरता दोन ते चार तास टिकते. तोपर्यंत काही चावून खाऊ नये. ओठ वा जीभ चावली जाते आणि कळतही नाही.
• नंतर कोमट किंवा गार झालेली पेज, दहीभात, चमच्याने आईस्क्रीम घ्यावे. गरम व तिखट टाळावे.

लाळेत मिसळलेले थोडे रक्त पुष्कळ दिसते, त्याने घाबरू नये. ताजे रक्त वाहतच राहिले तर ताठ बसून स्वच्छ, ओलसर घडी अर्धा तास दाबून चावावी. तरीही न थांबल्यास दंतवैद्याला गाठावे. वेदनेसाठी सांगितलेल्याच गोळ्या घ्याव्यात. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवण्याचा प्रकार टाळावा. तिने हिरडी भाजते.

त्यानंतरचे दिवस

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हलकेच चुळा भराव्यात. इतर दात नेहमीप्रमाणे घासावेत. छेद द्यावा लागला असल्यास सूज दोन-तीन दिवस वाढून मग उतरते. न विरघळणारे टाके साधारण आठवड्याने काढतात.

वेदना रोज कमी होत जायला हवी. ती दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उलट वाढली, कानाकडे सरकू लागली आणि तोंडाला दुर्गंध आला, तर गुठळी निघून हाड उघडे पडले असण्याचा संभव असतो. खालच्या दाढांबाबत आणि धूम्रपान करणाऱ्यांत हे अधिक आढळते. दंतवैद्य खोबण धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवतात आणि पुष्कळ आराम पडतो.

ताप, वाढती सूज किंवा तोंड उघडण्यास त्रास असल्यास त्याच दिवशी दाखवावे. जबड्याखाली वा मानेत सूज येणे, गिळता न येणे, श्वास अडणे ही जिवावरची लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून इस्पितळात जावे.

हिरडी एक-दोन आठवड्यांत जुळून येते. आतील हाड भरण्यास काही महिने लागतात. अक्कलदाढेची जागा भरावी लागत नाही. इतर दातांची जागा रिकामी राहिल्यास शेजारचे दात तिकडे कलतात आणि समोरचा दात खाली वा वर सरकतो. त्यामुळे काढता-घालता येणारी कवळी, ब्रिज किंवा इम्प्लांट यांपैकी काय योग्य, याविषयी दात काढण्यापूर्वीच दंतवैद्याशी बोलून घेणे श्रेयस्कर.