मृताचा कर आणि वारस

मनुष्य मरण पावला म्हणजे त्याचे घरदार वारसांकडे येते. मग त्याने न भरलेला कर कोणी द्यावा? हा प्रश्न पुरातन आहे. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, असे सांगणाऱ्या याज्ञवल्क्यस्मृतीनेच काही देणी वगळली आहेत. मद्य व द्यूत यांपायी झालेल्या कर्जाप्रमाणेच दंडाची व शुल्काची बाकीही पुत्राने देऊ नये, असे तिचे वचन आहे.

इंग्रजी अमदानीतील १९२२ चा प्राप्तिकर कायदा याविषयी मौन होता. करदाता आकारणीपूर्वीच वारल्यास मागाहून आकारणी करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३० साली दिला. सरकारने १९३३ मध्ये नवे कलम घालून ही उणीव भरून काढली. वारस जबाबदार ठरला. मात्र मृताची मालमत्ता पुरेल तेवढ्यापुरताच. १९६१ च्या कायद्याने १५९ व्या कलमात हीच मर्यादा राखली. कर चुकता न करता ती मालमत्ता विकणारा वारस तेवढ्या किमतीपुरता स्वतः बांधला गेला.

दरम्यान चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १५ ऑक्टोबर १९५३ पासून, मृत्युकर सुरू झाला. येथे मृत्यूमुळेच कर उत्पन्न होई आणि त्याचा बोजा स्थावरावर बसे. वाडा आहे, जमीन आहे, पण हाती रोकड नाही, अशा कुटुंबाला तो जड जाई. सरकारी उत्पन्न अल्प, वसुलीचा खर्च मोठा. अखेर १९८५ साली हा कर उठला.

वारशाचे देणे वारशाहून मोठे नसावे, हे तत्त्व मात्र टिकून राहिले.