उंबरठ्यावरची शाळा

शाळा म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आपण सहजच एका इमारतीकडे बोट दाखवितो. कौलारू छप्पर, पुढे व्हरांडा, भिंतीवर फळा, दाराशी टांगलेली घंटा, एवढे असले की शाळा झाली, अशी आपली समजूत असते. मार्च २०२० मध्ये या समजुतीस मोठाच धक्का बसला. करोनाच्या साथीमुळे शाळांना कुलपे लागली आणि २५ मार्चपासून तर अवघा देश घरात कोंडला गेला. इमारती जागच्या जागी होत्या, फळे होते, घंटाही होत्या. परंतु शाळा मात्र नव्हती. मग ती गेली होती कोठे? या प्रश्नाचा विचार करू लागलो की आम्हांस आपल्याच मागल्या पिढ्यांची आठवण होते.

कारण इमारत ही शाळेच्या चरित्रातील बरीच अलीकडची गोष्ट आहे. गोमंतकात शेणैमामांची शाळा देवळाच्या आवारात किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर भरत असे. पोरे धुळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत, पुसत आणि पुन्हा गिरवीत. घाटावरच्या पंतोजींची शाळाही देवळाच्या ओवरीत नाहीतर वाड्याच्या पडवीत बसे. शाळेला स्वतःचे घर नव्हते. गावातील घरे हेच तिचे घर होते. पुढे १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, गोव्यातील हिंदू समाजावरची बंधने सैल झाली आणि मराठी शिक्षणाला नवा जोम आला. १९११ साली फोंड्यास गोवा विद्याप्रसारक मंडळ उभे राहिले. त्याच्याही आधी, १९०८ साली, पणजीस मुष्टिफंड संस्था निघाली होती. तिच्या नावातच तिचा इतिहास आहे. घरोघरचे मूठ मूठ तांदूळ गोळा करायचे आणि त्यांतून मुलांच्या विद्येची सोय करायची, ही त्या नावामागची कल्पना. ज्या घरांनी ती मूठ दिली, त्यांतील कित्येकांत लिहिता-वाचता येणारे माणूस क्वचितच असेल. तरीही ती मूठ दिली गेली. आमच्याकडील शाळा या अशा घरांनी उभ्या केलेल्या आहेत आणि म्हणून त्या घरांचे शाळेवर ऋण आहे.

२०२० साली हे ऋण फेडण्याचा प्रसंग आला. घर शाळेकडे येऊ शकत नव्हते. शाळेनेच घराकडे जायला हवे होते. पुष्कळांना वाटले की हे काम मोबाइल करील. पण मोबाइल सर्वांकडे कोठे होता? त्या वर्षी ग्रामीण भारतात झालेल्या 'असर' पाहणीत, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्याच घरी स्मार्टफोन आढळला. ज्या घरी तो होता तेथेही बहुधा एकच. तो वडिलांबरोबर सकाळी कामावर जाई आणि मागे राहिलेली भावंडे संध्याकाळची वाट पाहत. सत्तरी-सांग्याकडील गावांत फोन असूनही 'रेंज' नव्हती. पोरे दप्तर घेऊन डोंगर चढत आणि पावसात छत्रीखाली बसून धडा ऐकत. अशा वेळी कोणत्या शाळा घरापर्यंत पोहोचल्या आणि कशा, हे पाहणे उद्बोधक आहे.

सोलापुरातील नीलमनगर ही कामकऱ्यांची वस्ती. तेथील आशा मराठी विद्यालय आणि धर्मण्णा सादूल प्रशाला या शाळांतील बहुतेक मुलांचे आईबाप कापडधंद्यात राबणारे. फोन विकत घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे, हे शिक्षकांस ठाऊक होते. मग त्यांनी वस्तीतील घरांच्या भिंतीच मागून घेतल्या. सुमारे ३०० भिंतींवर पहिलीपासून दहावीपर्यंतचे पाठ रंगविण्यात आले. कोठे बाराखडी, कोठे गणिताची सूत्रे, कोठे व्याकरण. पोरे बोळातून जाता-येता, एकमेकांपासून अंतर राखून, आपापला धडा वाचू लागली. या दोन शाळांत मिळून सुमारे १७०० मुले. आम्हांस या गोष्टीत रंगापेक्षा होकाराचे मोल अधिक वाटते. आपल्या घराची भिंत जो शाळेला देतो, त्याने मुठीतील तांदूळच दिले म्हणायचे. आणि धडा दारासमोर आल्यामुळे आणखी एक गोष्ट घडू शकत होती. कामावरून परतलेल्या आईच्याही तो डोळ्यांपुढे येई. आपले मूल काय शिकते ते तिला उंबरठ्यात उभे राहून पाहता येई.

बेळगाव भागातील वाचकांस 'विद्यागम' हे नाव आठवत असेलच. कर्नाटक सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये ही योजना सुरू केली. घरी कोणते साधन आहे ते पाहून मुलांचे तीन गट पाडण्यात आले: इंटरनेटचा फोन असलेली, साधा फोन असलेली आणि काहीच नसलेली. शिक्षक गावोगाव, गल्लोगल्ली जाऊ लागले. देवळाचे आवार, समाजमंदिर, झाडाखालचा पार, जेथे सावली व मोकळी हवा मिळेल तेथे लहान लहान गट बसू लागले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी देवळातून उठून गेलेली शाळा अशी अकस्मात देवळात परतली. परंतु या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही शिक्षकांस व मुलांस साथीची लागण झाल्याच्या बातम्या आल्या, वाद उठला आणि ऑक्टोबरमध्ये योजना थांबवावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये ती शाळांच्या आवारात पुन्हा सुरू झाली. दाराशी जाणाऱ्या शिक्षकाने स्वतःचा जीव किती धोक्यात घातला होता, हे त्या वादाच्या गलबल्यात विसरले जाऊ नये.

इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या बांधवांनी वेगळा प्रकार पाहिला. मध्य प्रदेशात ६ जुलै २०२० पासून 'हमारा घर हमारा विद्यालय' ही योजना सुरू झाली. सकाळी दहा वाजता घरच्या माणसांनी घंटा किंवा थाळी वाजवायची आणि घरात शाळा भरल्याचे जाहीर करायचे. दुपारी एक वाजता पुन्हा वाजवून ती सोडायची. संध्याकाळी घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांस गोष्टी सांगायच्या, अशीही त्यात योजना होती. प्रत्येक घरी हे नियमाने पाळले गेले असेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु कल्पना मार्मिक होती. पाठ शिकविणे ज्या आजीला जमणार नाही, तिला गोष्ट सांगणे जमतेच. आणि वेळेवर वाजलेली घंटा मुलाच्या मनाला शिस्त लावते, हे देवळात वाढलेल्या आम्हां लोकांस कोणी सांगावयास नको.

घराचे प्रश्न केवळ पाठाचे नव्हते, पोटाचेही होते. शाळा बंद म्हणजे मुलांचे दुपारचे जेवणही बंद. मार्च २०२० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने या गोष्टीची आपण होऊन दखल घेतली. शिजवलेल्या अन्नाऐवजी धान्य किंवा त्यापोटी भत्ता कुटुंबांस देण्याची व्यवस्था झाली. धान्य न्यायला आलेल्या पालकाला शिक्षकाने मुलाची विचारपूस करावी, सोबत चार स्वाध्याय द्यावेत, एवढ्यानेही शाळा व घर यांतील धागा तुटण्यापासून वाचे. एके काळी घरातील मूठ शाळेकडे गेली. या खेपेस शाळेकडून ती घराकडे आली.

तरीही हानी झालीच, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग २५ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. गोव्यात प्राथमिक वर्गांस फेब्रुवारी २०२२ उजाडला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या गोमंतकीय मुलाला वर्ग दिसला तो दुसरीचे वर्ष सरत असताना. ग्रामीण भारतात तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येई, त्यांचे प्रमाण 'असर'नुसार २०१८ साली २७.३ टक्के होते. २०२२ साली ते २०.५ टक्क्यांवर आले. २०२४ साली ते पुन्हा २७.१ टक्क्यांपर्यंत चढले, ही समाधानाची गोष्ट खरी. पण मधल्या वर्षांतील मुले तोवर पुढच्या इयत्तांत गेलेली होती. त्यांचा राहिलेला पाया कोण भरून काढणार?

आम्हांस या साऱ्या इतिहासाचा एकच बोध दिसतो. घर हे शाळेची जागा घेऊ शकत नाही. अक्षरओळख नसलेल्या आईकडून किंवा दमून आलेल्या बापाकडून तशी अपेक्षा करणे हा अन्याय होय. पण शाळा घरापर्यंत आली तर तेच घर तिला भिंत देते, घंटा देते, ओटा देते. साथीच्या काळात जेथे शिक्षकाची पावले दाराशी वाजली, तेथे मुलाचे बोट शाळेच्या हातून सुटले नाही.

आज शाळा उघडल्या आहेत आणि देवळांच्या अग्रशाळा उत्सवाचे चार दिवस सोडले तर पुष्कळ ठिकाणी रिकाम्या असतात. त्या काळात मागे पडलेली मुले आता आठवी-नववीच्या घरात आहेत. संध्याकाळची आरती झाल्यावर तासभर त्याच अग्रशाळेत दिवा लावून, गावातील शिकल्यासवरल्या माणसांनी त्यांना जवळ घेऊन बसावे, यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. आपल्या पणज्यांनी मूठभर तांदूळ बाजूला काढले होते; आपणांस मूठभर वेळ काढता येणार नाही काय?