टायमिंग चेन बदलल्यानंतरचे इंजिनदोष

क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांची गती एकमेकांशी बांधून ठेवणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. त्यामुळे कॅमच्या स्प्रॉकेटला क्रँकच्या दुप्पट दाते असतात. चेन, ती ताणून धरणारा टेन्शनर आणि तिला वाटेवर ठेवणारे गाइड नवे घालूनही कधी कधी गाडीला सेल्फ जास्त मारावा लागतो, आयडलिंगला इंजिन थरथरते, मिसिंग करते, पिकअप मिळत नाही किंवा चेक लाइट विझत नाही. अशा तक्रारींचे निदान हा या नोंदीचा विषय आहे. कामाआधी नसलेला दोष कामानंतर उपटला, तर तो बहुधा हात लागलेल्या जागीच असतो. हे विसरून सेन्सर, कॉइल, इंजेक्टर असे एकामागून एक सुटे भाग बदलत जाणे हा सर्वांत महागडा मार्ग होय.

मारुती ८०० च्या इंजिनात टायमिंगसाठी पट्टा होता. २००८ पासून आलेल्या मारुतीच्या के-मालिकेत चेन आहे. पुण्याजवळच्या रांजणगावला बनलेल्या फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलमध्येही चेनच होती. चेन इंजिनाच्या आयुष्यभर टिकते हा समज अर्धाच खरा आहे. तेल वेळेवर बदलले नाही की चेनच्या पिना झिजून ती लांबते, टेन्शनर ढिला पडतो आणि चेन बदलण्याचे काम साध्या गॅरेजातही येऊन पडते.

सर्वांत आधी तपासायचे ते टायमिंग. कॅमच्या स्प्रॉकेटला ३६ दाते असतील, तर एका दाताची चूक म्हणजे कॅमवर १० अंश आणि क्रँकवर २० अंश. एवढ्यानेही इंजिन सुरू होते, चालते आणि म्हणूनच फसवते. इनटेक कॅम मागे राहिला तर कॉम्प्रेशन घटते व खालच्या गिअरात चढावर गाडी दम टाकते. पुढे गेला तर सुरुवातीची ओढ बरी वाटते, पण वरच्या आरपीएमला इंजिन मोकळे होत नाही. दोन कॅमच्या इंजिनात एकच कॅम चुकला, तर आयडलिंग विशेष बिघडते.

दात चुकतो तो बहुतेकदा चेनच्या ढिलाईमुळे. टेन्शनर ज्या बाजूला आहे, सगळी ढील त्याच बाजूला यायला हवी; क्रँक ज्या बाजूने कॅमला ओढतो ती बाजू ताठ हवी. खुणा जुळल्या, पण ताठ बाजूला थोडी ढील राहिली, तर इंजिन फिरताच आधी ती ढील संपते आणि कॅम तेवढा मागे पडतो. म्हणून टेन्शनरची अडकवणपिन काढल्यावर पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. उलटे फिरवू नये. टेन्शनरवर दाब येऊन चेन दात सोडू शकते. फिरवताना मध्येच घट्ट अडले तर जोर लावू नये, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. इथे नवख्याची हमखास एक फसगत होते. दोन फेऱ्यांनंतर चेनच्या रंगीत कड्या खुणांवर परत आलेल्या दिसत नाहीत, आणि तो झालेले काम पुन्हा खोलतो. त्या कड्या फक्त चेन बसवतानाच्या सोयीसाठी असतात. कड्यांची संख्या दातांच्या पटीत नसल्याने त्या जागेवर यायला कितीतरी फेरे जातात. फेऱ्यांनंतर पाहायच्या त्या स्प्रॉकेटवरच्या आणि इंजिनाच्या अंगावरच्या खुणा.

स्कॅनरवर पी ००१६ हा कोड आला, तर क्रँक आणि कॅम या दोन सेन्सरांच्या सिग्नलांचा मेळ बसत नाही असा त्याचा अर्थ. सेन्सर खराब आहे असा नव्हे. हा कोड पुसून गाडी ग्राहकाच्या हाती देणे गैर आहे. पी ०३४० (कॅम सेन्सर) किंवा पी ०३३५ (क्रँक सेन्सर) आला, तर आधी कनेक्टर व वायर पाहावी. कव्हर बसवताना वायर चेमटणे नित्याचे आहे. टोयोटाच्या काही पेट्रोल इंजिनांत क्रँक सेन्सरची दातेरी चकती ‘एफ’ खूण बाहेरच्या बाजूला ठेवून बसवावी लागते; ती उलटी बसली तर चेन बिनचूक असूनही सिग्नल चुकतो.

कव्हर न उघडता टायमिंगचा अंदाज घ्यायचा तर कॉम्प्रेशन गेज लावावा. सगळेच सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील, तर संशय टायमिंगवर. एकच कमी असेल, तर वाकलेल्या व्हॉल्व्हवर. व्हॅक्यूम गेजही उपयोगी आहे. समुद्रसपाटीला निरोगी पेट्रोल इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवते. कॅम मागे पडला तर काटा स्थिर राहतो, पण खाली. दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच कमी धरावा, म्हणजे पुण्यातला आकडा मुंबईपेक्षा दोनेक इंचांनी उतरलेलाच असणार.

व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ चालत्या इंजिनात बदलणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनात आणखी एक गुंता असतो. कॅमच्या टोकाचा फेजर लॉक नसताना चेन चढवली, तर खुणा जुळूनही कॅम चुकतो. कव्हरला सिलिकॉन सढळ हाताने लावला असेल, तर त्याचे तुकडे तेलाच्या जाळीत किंवा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हच्या बारीक गाळणीत अडकतात आणि फेजरला तेल पुरत नाही. चेन बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना काही क्षण खडखड होणे ठीक. तेलाचा दाब येऊनही ती थांबली नाही, तर इंजिन लगेच बंद करून टेन्शनर पाहावा.

टायमिंग बरोबर निघाले की उरलेली कारणे साधी असतात : निसटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकची फाटलेली गॅस्केट, अदलाबदल झालेले कॉइल कनेक्टर, बसवायची राहिलेली अर्थिंगची वायर. पी ०१७१ (मिश्रणात इंधन कमी) असेल तर हवेची गळती शोधावी. बॅटरी काढलेली असल्यास इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची शिकवण पुसली जाऊन काही काळ आयडलिंग वरखाली होते. स्कॅनरने किंवा कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने ती पुन्हा शिकवावी.

काही इंजिनांत निव्वळ खुणांवर भागत नाही. मल्टिजेटमध्ये क्रँक आणि कॅम लॉकिंग पिनांनी जखडूनच टायमिंग लावायचे असते. फोर्डच्या ड्युराटेक एचई इंजिनात क्रँकच्या स्प्रॉकेटला जागेवर अडकवणारी चावीच नाही. पुलीचा बोल्ट आवळल्यावर होणाऱ्या दाबावरच ते धरलेले असते. बोल्ट नेमक्या टॉर्कने व ठरलेल्या कोनात आवळला नाही, तर जुळवलेले टायमिंग चालत्या गाडीत घसरते. अशा घसरणीनंतर नुसते टायमिंग पुन्हा लावून थांबू नये. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ऐकावे : फुसफुस इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकलेला असतो. मग हेड उतरवण्यावाचून इलाज नसतो.